अठरा वर्षांची शून्यं

त्या प्रयोगशाळेत तिला सगळे वाचनबाई म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, ही ग्रंथालय सांभाळत असेल. पण बाई वाचायची ती पाठी. गोऱ्या, सावळ्या, काळ्या, रुंद, हडकुळ्या, तिळांनी भरलेल्या, घामोळ्यांनी फुललेल्या. अठरा वर्षं रोज सकाळी साडेनऊ ते दीड ती लोकांच्या पाठीमागे उभी राहून आकडे सांगायची, आणि त्या आकड्यांवर क्रीमच्या डब्या बाजारात जायच्या किंवा जागच्या जागी अडायच्या.

आपण दुकानातून डबी आणतो, झाकण उघडतो, तोंडाला फासतो आणि मोकळे होतो. त्यात घातलेला प्रत्येक पदार्थ आधी कुणाच्या तरी अंगाला लावून बघितलेला असतो, हे कुणाच्या गावीही नसतं. इथे तो पाठीला लावायचे. बटणाएवढ्या दहा वाट्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, चिकटपट्टीने दोन रांगांत पाठीवर बसवायच्या. दुसऱ्या दिवशी काढायच्या, अर्धा तास थांबायचं, आणि मग वाचन. काही नाही तर शून्य. फिकट गुलाबी तर एक. चांगलं लाल तर दोन. लाल होऊन सुजलं तर तीन. फोड आला तर चार, आणि तो मनुष्य घरी. पुन्हा त्याच जागी वाट्या लावायच्या, असं तीन आठवडे. कोणत्या वाटीत काय आहे हे वाचणाऱ्याला सांगत नसत. ती यादी डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद. एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. दहातल्या एका वाटीत मुद्दाम साबणाचं पाणी असायचं. ते प्रत्येकाला झोंबतंच. ती जागा लाल झाली की समजायचं, परीक्षा नीट चालू आहे.

वाचनाच्या खोलीची एकुलती एक खिडकी काळ्या कागदाने बंद केलेली होती. दिवा एकच, ठरलेल्या उंचीवर. फरशीवर पिवळी पट्टी, तिच्या पुढे वाचणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही. हात तर अजिबात लावायचा नाही, कारण नुसतं बोट घासलं तरी कातडी लाल होते. बाई आकडा सांगायची, लिहिणारी मुलगी वहीत लिहायची. कुणी चोरून आंघोळ करून आला आणि पाठीवरच्या पेनाच्या खुणा पुसल्या गेल्या की संपलंच. "आता मी काय डोंबल वाचू इथे?" असं ती मोठमोठ्या हुद्देदारांनाही उघड्या पाठीनिशी सुनवायची. राग तिच्या नाकावर असे, आणि त्या रागाला मान होता, कारण एक आणि दोनमधला फरक तिच्याइतका कुणालाच कळत नसे. दुसऱ्या दोन वाचणाऱ्यांचं जमलं नाही की तिला बोलावणं यायचं. ती यायची, बघायची, आकडा टाकून निघून जायची.

बाई स्वतः काळी. उगाच सावळी वगैरे म्हणून गोड करण्यात अर्थ नाही, तिला स्वतःलाच ते खपत नसे. थोरली बहीण उजळ, ही दुसरी. घरी आत्या आली की हिची हनुवटी धरून म्हणायची, हिला कोण पदरात घेणार. अकराव्या वर्षी हिने उत्तर दिलं, तुम्हाला घेतलं तसंच मलाही घेईल कुणीतरी. थोबाडीत बसली, पण आत्याने पुन्हा हनुवटीला हात लावला नाही. पुढे आईचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, ते तीनदा परत बंद पडलं, आणि तिन्ही वेळा ही दुकानात जाऊन भांडली. चौथ्या वेळी घड्याळजीने तिला बसायला स्टूल दिलं. त्याच्याशीच लग्न झालं त्याला आता तीस वर्षं होतील, आणि ते घड्याळ अजून मागेच पडतं.

प्रयोगशाळेत ती आली बाटल्या धुवायला. डोळा बारीक आहे हे डॉक्टरांनी हेरलं आणि तिला वाचनावर घेतलं. डॉक्टर म्हणजे तिथले प्रमुख, कातडीच्या रोगांचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला शिकवलं होतं की काळी कातडी जाड असते, राठ असते, तिला सहसा काही होत नाही. बाईला हे ऐकून बरंच वाटलं. आयुष्यभर त्या रंगापायी ऐकून घेतलं, निदान एक गुण तरी कुणी सांगितला. मग काळ्या पाठीचा कुणी आला की ती दिव्याखाली बघायची, लाल काही दिसायचं नाही, आणि ती कौतुकाने म्हणायची, शून्य. आमची कातडी टिकाऊ हो, असंही वर म्हणायची.

त्या वर्षी एका कंपनीचा नवा पदार्थ आला. त्याचं काम असं की तो कातडीची वाट मोकळी करतो, म्हणजे क्रीममधल्या बाकीच्या गोष्टी आत खोल उतरतात. कंपनीला डबीवर छापायचं होतं, सर्व प्रकारच्या त्वचेसाठी सुरक्षित. त्यासाठी तीस पाठी घेतल्या. त्यातल्या आठ काळ्या, सगळ्या बायकांच्या. डॉक्टरांनी नुकतंच एक यंत्रही बाहेरून मागवलं होतं. पाठीला टेकवलं की लालीचा आकडा दाखवायचं. बाईचा डोळा आणि यंत्र, दोन्ही मिळून वाचन करणार होते. आठ काळ्या पाठींवर यंत्रही शून्यच दाखवत होतं, त्यामुळे कुणाच्या मनात काही शंका यायचं कारण नव्हतं.

त्या आठजणींत एक इस्त्रीवाली होती. नाक्यावर टेबल टाकून दिवसभर उभी. पहिल्यांदाच आली होती, आणि तोंडाने फटकळ. नवव्या दिवशी बाईने तिच्या दहाही चौकोनांना शून्य सांगितलं, तशी तिने मान वळवली आणि विचारलं, सगळी शून्यंच? मग काल दुपारपासून डाव्या बाजूला आग कशाची होतेय? बाईने आपल्या नेहमीच्या थाटात समजावलं की असं वाटतं कधीकधी, पट्टी ओढली जाते, पण दिसत तर काही नाही. त्यावर ती बाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "इस्त्री तापलीय का, हे तुम्ही बघून सांगता?"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि ही नाक्यावरची बाई आपल्याला शिकवते. कपडे घाला आणि निघा, असं तिने तिला फटकारलं. इस्त्रीवालीही काही कमी नव्हती. जाताना म्हणाली, जाते, पण आग घेऊनच जाते. लिहिणारी मुलगी फिसकन हसली आणि बाईने डोळे वटारल्यावर खोकली.

दुपारभर ते वाक्य बाईच्या डोक्यातून जाईना. डबा उघडला तो तसाच झाकला. शेवटी ती खाली काचवाल्याकडे गेली. काचवाला म्हणजे तळमजल्यावर एकटाच काम करणारा बुजुर्ग. तिथे दुमजली काचेच्या कुप्या ओळीने कोमट पाण्यात उभ्या असायच्या. वरच्या मजल्यात क्रीम, खालच्या मजल्यात मिठाचं पाणी, आणि मध्ये घट्ट आवळलेला माणसाच्या कातडीचा तुकडा. पोटाची शस्त्रक्रिया झाली की काढून टाकलेली कातडी, ज्याची त्याची परवानगी घेऊन, इस्पितळातून यायची. तासातासाने खालचं पाणी सुईने काढून बघायचं, किती पदार्थ पार झाला. कातडीखाली हवेचा एक बुडबुडा जरी अडकला तरी तेवढ्या जागेतून काही उतरत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून काचवाला दिवसभर कुप्या तिरक्या करून बुडबुडे हाकलत बसलेला असे.

बाईने त्याला विचारलं, काळ्या कातडीतून कमी उतरत असेल ना? जाड असते ना ती? काचवाल्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि वही उघडून तिच्यापुढे सरकवली. बारा कुप्या होत्या, त्यातल्या पाचांत काळी कातडी. सहाव्या तासाचे आकडे सारखेच, थोडं इकडे थोडं तिकडे. जाड कोण म्हणालं तुम्हाला, त्याने विचारलं. मी रोज मोजतो, दोन्ही सारख्याच भरतात. बाईने तिथल्या स्टुलावर बसकण मारली. आत सारखंच जातंय, तर वर काहीच कसं होत नाही, एवढं साधं तिला अठरा वर्षांत सुचलं नव्हतं. काचवाला पुढची कुपी तिरकी करण्यात गुंतला होता, त्यामुळे तिचा चेहरा बघायला तिथे कुणी नव्हतं, हे एक बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली आली तेव्हा बाईने लिहिणाऱ्या मुलीला कसल्याशा कागदासाठी वर पिटाळलं. मग तिने हातमोजे काढले, पिवळी पट्टी ओलांडली आणि इस्त्रीवालीला विचारलं, हात लावू का. लावा की, ती म्हणाली, कधीची तेच सांगतेय. बाईने डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू पाठीवरून फिरवली. एक चौकोन गार, दुसरा गार, तिसरा गार. चौथ्यावर बोट थांबलं. तिथे ऊब होती, आणि कड उचललेली, चांगली टम्म. खालच्या रांगेत आणखी एक तसाच, त्याची कातडी खरखरीतही झालेली. बाईने डोळे उघडून दिव्याखाली पाहिलं. कुठेही लाल नव्हतं. नीट बघितलं तर तेवढाच भाग किंचित जास्त काळा होता, जांभळट.

त्या दिवसापासून पुढचे पाच दिवस तिने आठही पाठी अशाच चोरून वाचल्या, डोळे मिटून, उघड्या हाताने. वहीत शून्यं जात होती आणि तिच्या खिशातल्या कागदावर दोन आणि तीन. प्रत्येक पाठीवर दोन जागा गरम सापडत होत्या. वाट्यांचा क्रम प्रत्येकीचा वेगळा, त्यामुळे कोणती जागा कशाची हे तिला कळायला मार्ग नव्हता. आठजणींत सगळ्यात वयस्क होती ती घंटेवाली मावशी. शाळेत घंटा वाजवायची नोकरी, आणि अकरा वर्षं ती इथे येत होती. दर खेपेला म्हणायची, जरा चुरचुरतं गं पोरी. आणि बाई दर खेपेला हसायची, मावशी, तुमची पाठ म्हणजे दगड आहे दगड. त्या मावशीच्या पाठीला हात लावल्यावर बाईला तिचं स्वतःचं ते हसणं आठवलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

सहाव्या दिवशी ती कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं, हात लावला हेसुद्धा. डॉक्टर चिडले, मग उठून त्यांनी कपाट उघडलं. यादी काढली आणि बाईच्या कागदाशेजारी ठेवली. आठही पाठींवर, बाईने सांगितलेल्या दोन जागांपैकी एका जागी साबणाचं पाणी होतं. जे प्रत्येकाला झोंबतंच, आणि जे या आठजणींवर यंत्राने आणि बाईच्या डोळ्याने मिळून शून्य ठरवलं होतं. दुसऱ्या जागी कंपनीचा नवा पदार्थ. आठपैकी आठ.

बाईला वाटलं, झालं, आता हे मान्य करतील. डॉक्टरांनी मान्य केलंही, पण वेगळ्याच तऱ्हेने. ते म्हणाले, याचा अर्थ या आठ पाठी आपल्याला वाचताच येत नाहीत. वाचता येत नाहीत त्या अभ्यासात ठेवून उपयोग काय? त्यांना पैसे देऊन, आभार मानून घरी पाठवू. उरलेल्या बावीस पाठींवर पदार्थ जेमतेम एकवर आहे, रिपोर्ट स्वच्छ जाईल. आणि डबीवर? डबीवर काय छापायचं ते कंपनी बघेल. बाई म्हणाली, वाचता कसं येत नाही, मी वाचल्यात, हा काय कागद. डॉक्टरांनी आवाज खाली आणला. हात लावणं हा नियमभंग, त्यासाठी चुकीचा कागद भरावा लागेल. तिथे चूक झाली की एक नंबर टाकलेला छापील कागद भरायचा असे, त्याला सगळे चुकीचा कागदच म्हणत. त्यात विचारतात, चूक कुणाकडून झाली, आणि कधीपासून.

"कधीपासून, याचं उत्तर काय लिहाल?" डॉक्टर म्हणाले. "अठरा वर्षं? मग तुमच्या सहीचे सगळे जुने रिपोर्ट उघडतील. पहिली उडाल ती तुम्ही. आठ महिने राहिलेत बाई तुमचे. मानाने जा."

ते हे धमकी म्हणून बोलले नाहीत, काळजीनेच बोलले. त्यामुळेच बाईला जास्त राग आला.

घरी घड्याळजीने सगळं ऐकून घेतलं, डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि सुचवलं की तिने सरळ आजारी पडावं. आठवडाभर ताप. तो स्वतः फोन करून कळवेल. तोवर त्या बायका घरी गेलेल्या असतील आणि हिला काही लिहावंही लागणार नाही, काही लपवावंही लागणार नाही. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत तुला माझ्यासाठी सुचलं काय, तर ताप, असं म्हणून तिने ताट सरकवलं. तोही मग चिडला. म्हणाला, मला भीती वाटते म्हणून बोलतो, तुला कसली भीती म्हणून नाहीच.

"मला नोकरीची भीती नाही रे," ती म्हणाली. "मला त्या मावशीच्या तोंडाची भीती वाटते. ती अकरा वर्षं सांगत होती आणि मी काळी असून तिला हसत होते."

घड्याळजीने सरकवलेलं ताट परत तिच्यापुढे ओढलं आणि तापाचा विषय सोडून दिला.

पुढचे चार दिवस जेवणाच्या सुटीत बाई जुन्या वह्यांच्या खोलीत बसली. प्रत्येकाच्या नोंदीत त्वचेचा प्रकार लिहिलेला असतो, एक म्हणजे अगदी गोरा, सहा म्हणजे अगदी काळा. तिने पाच आणि सहा तेवढे काढले. दोनशे बारा पाठी. साबणाच्या जागीसुद्धा शून्य, शून्य, शून्य, आणि खाली तिची झोकदार सही. एका रकान्यात व्हॉलंटिअरने काय सांगितलं ते लिहायचं असे. तिथे कुणीकुणी आग, चुरचुर, झोप नाही असं लिहून ठेवलं होतं. ते वाचायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ते कधी वाचलं गेलं नव्हतं. धुळीने तिला शिंका येत होत्या आणि ती स्वतःला शिव्या घालत होती, दोन्ही एकदमच.

काचवाल्याला तिने सांगितलं की ती कागद भरणार आहे. त्याच्याकडच्या आकड्यांचा तिला आधार हवा होता. पण त्याने हात जोडले. बाई, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या घरी चार तोंडं आहेत, मला यात ओढू नका. बाई त्याच्यावर रागावली नाही. कागद तिने एकटीनेच भरला. काय झालं: काळ्या त्वचेवरची जळजळ लालीवरून वाचली, ती तशी दिसत नाही, त्यामुळे वाचन खोटं. कुणाकडून: माझ्याकडून. कधीपासून: इथे तिने वाचनावर लागल्याची तारीख घातली. परिणाम: दोनशे बारा जणांच्या नोंदी, यादी सोबत. आणि चालू अभ्यासातल्या आठ पाठी वगळू नयेत, त्या हाताने वाचता येतात. डॉक्टरांनी उभ्या उभ्या तो वाचला.

"फाडा हा," ते म्हणाले.

"फाडता येत नाही," बाई म्हणाली. "नंबर आहे त्याला."

पुढे काय काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. तिला वाचनावरून काढलं. शेवटचे सात महिने तिने पुन्हा बाटल्या धुतल्या, जिथून सुरुवात केली तिथेच, आणि इतक्या लख्ख धुतल्या की काचवाल्यालाही आपल्या कुप्या तिच्याकडेच हव्या असायच्या. निरोपाचा समारंभ झाला नाही. कंपनीने तो पदार्थ उचलला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला. तिथे काय झालं कोण जाणे. पण या प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात पुढच्या वर्षी लालीच्या शेजारी दोन नवे रकाने आले, ऊब आणि सूज. ते कुणामुळे आले हे तक्त्यावर लिहिलेलं नाही. बाईला विचारलं तर ती म्हणते, रकाने उशिरा आले, त्यात कौतुक कसलं.

पण हे सगळं नंतरचं. कागद दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठही बायका नेहमीचे गाऊन घालून बाहेरच्या खोलीत बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांना घरी पाठवायचं ठरलं होतं. पाठीवरच्या वाट्या सकाळीच काढलेल्या, पाकिटं तयार होती, वाचनाची खोली बंद, लिहिणाऱ्या मुलीला दुसरीकडे बसवलेलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. इस्त्रीवाली कुरकुरत होती की टेबल बंद ठेवून आले, बसवून काय ठेवलंय. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत बाई त्यांच्या शेजारून आत आली.

तिने काही तयारी केली नव्हती. ती सरळ बोलली. म्हणाली, तुमच्या पाठींवर जळजळ झालीय, दोन जागी, आणि एक जागा नव्या पदार्थाची आहे. आम्ही शून्य लिहिलं. तुमच्यात दोष नाही, यंत्राला दिसत नाही आणि मला बघता आलं नाही. आता तुम्हाला यातून काढतायत म्हणजे ते कुठेच लिहिलं जाणार नाही. मी म्हणते जाऊ नका. डॉक्टरांनी दोनदा तिला थांबवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती थांबली नाही. इस्त्रीवाली म्हणाली, मी तर बसलेलीच आहे. बाकीच्या एकमेकींकडे बघू लागल्या. घंटेवाली मावशी मात्र बाईकडेच बघत होती.

"म्हणजे मी जे सांगत होते ते खरं होतं," मावशी म्हणाली.

बाईने मान हलवली.

"माझ्या किती वेळा?"

बाईला आकडा पाठ होता. "चौदा वेळा, मावशी."

मावशी बोलायला लागली ती थांबेचना. चौदा वेळा मी तुला सांगितलं आणि चौदा वेळा तू हसलीस. घरी सुनेला सांगायचे तर ती म्हणायची, तिथल्या शिकलेल्या बाई म्हणतात काही नाही, मग तुमचंच काहीतरी. मलाही तेच वाटायला लागलं होतं, की माझ्याच मनाचे खेळ. तू गोरी असतीस तर मी म्हटलं असतं, तिला काय कळणार. तुला तर कळायला हवं होतं. बाई खाली मान घालून ऐकत होती. चुकले मावशी, एवढंच ती म्हणाली, आणि मावशीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. डॉक्टर पुढे झाले आणि नरमाईने म्हणाले, मावशी, तुमचं पाकीट घ्या आणि घरी जा, आपण नंतर बोलू. मावशीने पाकिटाकडे बघितलंही नाही. ती उठली, बंद खोलीच्या दाराशी गेली आणि कडी काढून आत शिरली. आत जाऊन स्टुलावर पाठ करून बसली आणि गाऊनची मागची नाडी सोडली.

"आता वाच," ती म्हणाली. "नीट वाच."

बाई आत गेली. लिहायला कुणीच नव्हतं, आणि वाचणाऱ्याने स्वतः लिहिलेलं वहीत चालत नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वरचं बोलणं ऐकून काचवाला वर आला होता, खालची ओली सुई अजून हातातच. डॉक्टरांकडे न बघता तो आत आला, वही उघडली, पेन काढलं आणि तारीख घातली.

बाईने डोळे मिटले. पहिला चौकोन, शून्य. दुसरा, शून्य. मावशीचे खांदे ताठ झाले. तिसऱ्यावर बाईचा हात थांबला, कडेकडेने फिरला, पुन्हा थांबला.

"तीन," ती म्हणाली.

काचवाल्याने लिहिलं. मावशी मागे न वळताच बोलली.

"हेच तर मी अकरा वर्षं सांगत होते."